दोन वह्यांचा मेळ : सॉफ्टवेअरच्या जोडणीमागचे नियोजन

१ ऑक्टोबर २०२० या दिवसापासून भारतीय व्यापारात बिल करण्याची रीत बदलू लागली. त्यापूर्वी बिल विक्रेत्याच्या पेढीवर तयार होई आणि तेथेच पुरे होई. मुनीमजींनी क्रमांक घातला, मालाचा तपशील भरला, कर लावला, सही झाली, की बिल झाले. ई-इन्व्हॉइसची सक्ती आल्यावर बिलाचा तपशील आधी सरकारमान्य नोंदणी पोर्टलकडे जाऊ लागला. पोर्टलने तो तपासून ६४ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड परत पाठवला, तरच ते कायद्याच्या दृष्टीने बिल ठरते. प्रारंभी ही सक्ती ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपुरती होती. पुढे ती पायरीपायरीने १००, ५०, २० आणि १० कोटींवर उतरली, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढाल असलेल्या पेढ्यांनाही लागू झाली. जिल्ह्याच्या बाजारपेठेतील मध्यम घाऊक व्यापारी तेव्हा या व्यवस्थेत आला.

सरकारने नियम केला आणि व्यापाऱ्याने तो पाळला, एवढीच ही हकिकत वरवर दिसते. त्या दोहोंच्या मध्ये मात्र एक तिसरे काम झाले. पेढीवरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला पोर्टलशी बोलता येणे भाग होते. एका सॉफ्टवेअरला दुसऱ्याशी असे जोडून देण्याला त्या व्यवसायात इंटिग्रेशन म्हणतात. येथे त्याला जोडणी म्हणू. ही जोडणी करायची की नाही, कोणासाठी आधी, ती बिघडली तर काय व्हावे, हे ठरवणारी व्यक्ती म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर. आज आपल्या अनेक घरांतील मुले, मुली, सुना पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशी या हुद्द्यावर आहेत. प्रोग्राम लिहीत नाही, विक्रीला फिरत नाही, मग दिवसभर करतो तरी काय, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना पडतो. ई-इन्व्हॉइसच्या जोडणीत त्याचे सविस्तर उत्तर मिळते, आणि ते व्यापाऱ्याला परके वाटणार नाही.

उदाहरणादाखल इचलकरंजीची एक कापडाची घाऊक पेढी कल्पनेने समोर ठेवू. उलाढाल ७-८ कोटींची. दिवसभर मागण्या येतात, माल निघतो, आणि संध्याकाळी सहा ते आठ या दोन तासांत बहुतेक बिले होतात, कारण ट्रक रात्री सुटायचे असतात. या पेढीसाठी जोडणीचा विचार करणाऱ्याने आधी संगणक बाजूला ठेवून या दोन तासांकडे पाहावे. जोडणीशिवायही काम होऊ शकते. पोर्टलने दिलेल्या मोफत एक्सेल साधनात बिलांचा तपशील भरावा, फाइल चढवावी, परत आलेले क्रमांक उतरवून घ्यावेत. दिवसाला पाच बिले असतील तर हा मार्ग पुरेसा आहे आणि त्याला जोडणीचा खर्च करणे ही उधळपट्टी होय. पण साठ बिले, दोन तास आणि खाली हमालांसह उभा असलेला ट्रक असेल, तर एकच तपशील दोनदा टंकण्यात चुका होतातच. जोडणीची गरज अशी बिलांच्या संख्येवरून आणि वेळेच्या ताणावरून मोजावी लागते. शेजारच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून आपल्यातही हवे, हा हिशेब या धंद्यात फार चालतो आणि बहुधा तोट्यातच जातो.

गरज पटल्यावर खरा चिकट भाग सुरू होतो, तो म्हणजे दोन्हीकडच्या शब्दांचा मेळ. पेढीच्या वहीत माल ताग्यांत, थानांत, गाठींत मोजला जातो. पोर्टलची मापांची यादी ठरलेली आहे. तिच्यात मीटर आहे, किलो आहे, नग आहे, गाठही आहे, पण तागा नाही. मग तागा म्हणजे काय धरायचे? नग धरला तर कराच्या रकमेत फरक पडणार नाही, परंतु बिलावर, ई-वे बिलावर आणि खरेदीदाराच्या साठ्यात तीन निरनिराळी मापे उभी राहतील. मीटर धरायचे तर प्रत्येक ताग्याची लांबी नोंदवावी लागेल, आणि गोदामातल्या माणसाला ती सवय नसते. हा निर्णय प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपल्या मनाने घ्यायचा नसतो. तो व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊन, विचारून घ्यायचा असतो, आणि तेथे जाणे हे प्रॉडक्ट मॅनेजरचे काम आहे.

पिनकोडचे असेच. वर्षानुवर्षे ग्राहकांचे पत्ते 'अमुक टॉकीजसमोर' अशा थाटात लिहिलेले असतात. टपाल पोहोचत होते, कोणाचे काही अडत नव्हते. पोर्टल मात्र पिनकोड आणि राज्य यांचा मेळ पाहते व तो नसेल तर बिल परत करते. ५ कोटींवरील उलाढालीला मालाचा एचएसएन संकेतांक सहा अंकी लागतो. जुन्या खात्यांत तो चार अंकी असतो किंवा नसतोच. म्हणून जाणता नियोजक जोडणीच्या आधी ग्राहक-खाती आणि माल-खाती यांच्या साफसफाईसाठी वेळ राखून ठेवतो, आणि सॉफ्टवेअरमध्येच अशी सोय करतो की अपुरी खाती आठवडाभर आधी यादी होऊन समोर यावीत. ट्रक उभा असताना संध्याकाळी सात वाजता कळून उपयोग काय?

मापांचा हा मेळ चुकला म्हणजे काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण १९९९ मधले आहे. अमेरिकेच्या नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळापाशी पोहोचले आणि नष्ट झाले. जमिनीवरील एक सॉफ्टवेअर यानाला मिळणाऱ्या धक्क्याचे आकडे पौंडाच्या मापात देत होते आणि ते घेणारे दुसरे सॉफ्टवेअर तेच आकडे न्यूटनच्या मापात आहेत असे धरून चालले होते. आकडे नियमित जात होते, येत होते. वाचणाऱ्याने माप निराळे धरले, एवढेच. इचलकरंजीचा तागा आणि मंगळावरचे यान यांत अंतर मोठे असले, तरी चूक एकाच जातीची आहे.

आता त्याहून अवघड प्रसंग. बिल पोर्टलकडे गेले आणि उत्तर आलेच नाही. इंटरनेट तुटले असेल, पोर्टलवर गर्दी असेल. बिलाची नोंद झाली की नाही, हे पेढीला कळायला मार्ग नाही. झाली नाही असे समजून बिल नव्या क्रमांकाने पाठवावे, तर एकाच मालाची दोन बिले नोंदली जाण्याचा धोका. झाली असे समजून ट्रक सोडावा, तर क्रमांकाविना माल रस्त्यावर. ज्या पेढीला सक्ती लागू आहे तिचे नोंदणी क्रमांकाशिवायचे बिल नियमानुसार बिलच मानले जात नाही. खरेदीदाराचा कर-परतावा अडकतो, आणि वाटेत तपासणीत माल अडवला गेला तर मालक पुढे आल्यावरही कराच्या २०० टक्के दंड भरण्याची पाळी येऊ शकते. सॉफ्टवेअरमधल्या एका न आलेल्या उत्तराची ही किंमत आहे.

जुन्या पेढ्यांना हा पेच नवा नव्हता. हुंडी वाटेत गहाळ झाली तर लिहिणारी पेढी तिची 'पैठ' देत असे, आणि तीही हरवली तर 'परपैठ'. कागद तीन झाले तरी देणे एकच राही. तिन्हींपैकी एकीचा भरणा झाला की उरलेल्या दोन निकामी, आणि भरणा करणारी पेढी आपल्या हुंडीवहीत पाहिल्याशिवाय पैसे सोडत नसे. सॉफ्टवेअरच्या जगात याच गुणाला आयडेम्पोटन्सी असे जडजंबाल नाव आहे: तीच मागणी कितीही वेळा आली तरी तिचा परिणाम एकदाच व्हावा.

ई-इन्व्हॉइसच्या रचनेत हा गुण मुळातच घातलेला आहे. नोंदणी क्रमांक विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, बिलाचा प्रकार, बिलाचा क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून बनतो, त्यामुळे तेच बिल पुन्हा पाठवले तर पोर्टल दुसरी नोंद करीत नाही. २१५० या संकेताने 'ही नोंद आधीच आहे' असे कळवते. येथे नियोजनाचा कस लागतो. घाईत बांधलेले सॉफ्टवेअर हा संकेत चूक म्हणून लाल अक्षरांत दाखवते. बिल करणारा कारकून घाबरतो, क्रमांक बदलून नवे बिल करतो, आणि जी दुहेरी नोंद पोर्टलने टाळली होती ती माणूस स्वतःच्या हाताने घडवून आणतो. विचारपूर्वक बांधलेले सॉफ्टवेअर तोच संकेत वाचून आधीचा क्रमांक पोर्टलकडून मागवून घेते, बिलावर छापते आणि कारकुनाला काही कळूही देत नाही. दोन्ही सॉफ्टवेअरची जाहिरात 'पोर्टलशी पूर्ण जोडणी' अशीच असते. फरक एवढाच, की एका ठिकाणी न आलेल्या उत्तराचा विचार कोणीतरी आधी कागदावर केलेला होता.

पैशांच्या व्यवहारातही हाच प्रसंग रोज घडतो. ग्राहकाच्या खात्यातून यूपीआयने रक्कम वजा झाली, दुकानदाराला जमेचा संदेश नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अशा अडकलेल्या दुकानी यूपीआय व्यवहारांची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत करण्याचे बंधन घातले आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवली. दुकानाच्या सॉफ्टवेअरला यूपीआय जोडताना 'पैसे आले' आणि 'पैसे आले नाहीत' या दोनच अवस्था धरणारा नियोजक अर्धेच काम करतो. 'अजून कळले नाही' ही तिसरी अवस्था आहे, आणि गल्ल्यावरच्या माणसाला त्या अवस्थेत ग्राहकाशी काय बोलायचे हेही पडद्यावर दिसले पाहिजे.

दोन वह्या जोडल्या की त्यांपैकी खरी कोणती, हा वाद उभा राहतो. तो निकाली काढल्याशिवाय जोडणी सुरू करणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. पोर्टलवर नोंदलेले बिल तेथे दुरुस्त करता येत नाही. ते २४ तासांच्या आत पूर्ण रद्द करता येते, तेही त्याचे ई-वे बिल चालू नसेल तरच. आणि रद्द झालेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. त्यानंतर उरतो क्रेडिट नोटचा रस्ता. आता पेढीवर संध्याकाळी बिल झाले, आणि दोन दिवसांनी व्यापाऱ्याने सवयीप्रमाणे आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन भाव पन्नास पैशांनी बदलला. सॉफ्टवेअरने हे करू दिले तर वही एक सांगेल, पोर्टल दुसरे सांगेल, आणि महिन्याच्या विवरणपत्रात फरक निघेल. न करू दिले तर व्यापारी चिडेल: माझ्याच वहीत मला खाडाखोड करता येत नाही? नोंदणी झाल्यावर बिलाला कुलूप घालणे हाच योग्य मार्ग दिसतो. मात्र कुलपाशेजारीच क्रेडिट नोटचा रस्ता एका बटणावर ठेवला पाहिजे, नाहीतर लोक कुलूप तोडण्याच्या युक्त्या काढतात. व्यापाऱ्याची नाराजी पत्करून हे ठरवायचे आणि विक्री विभागाला ते पटवून द्यायचे, हेही त्याच हुद्द्याच्या वाट्याला येते.

वेळापत्रकाबद्दल थोडे. अशा जोडणीची अंतिम तारीख सरकार ठरवते. नियोजकाच्या हातात असतो तो उलटा हिशेब. पोर्टलची चाचणीसाठी निराळी प्रतिकृती असते, तिला सँडबॉक्स म्हणतात. तेथे सारे सुरळीत चालते, कारण तेथे महिनाअखेरची गर्दी नसते. म्हणून चाचणीनंतर मोजक्या, निरनिराळ्या स्वभावाच्या पेढ्यांवर आधी प्रयोग करावा लागतो: एक कापडाची, एक किराण्याची, एक परगावी माल पाठवणारी, आणि एक जिथे इंटरनेट दिवसातून दोनदा जाते. महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ ची आणि २० तारीख जीएसटीआर-३बी ची. त्यांच्या आसपास नवी आवृत्ती पाठवणे हा अविचार. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडेही त्यातच धरावेत.

जोडणी एकदा झाली की झाली, असा समज घरांत असतो आणि दुर्दैवाने काही कंपन्यांतही असतो. समोरची बाजू स्थिर राहत नाही. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्यावरील उलाढाल असलेल्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पोर्टलवर नोंद करणे सक्तीचे झाले. मुदत उलटल्यावर पोर्टल बिल घेतच नाही. म्हणजे 'राहिलेली बिले नंतर पाठवू' म्हणून सॉफ्टवेअरने बाजूला ठेवलेली यादी, जी आजवर निरुपद्रवी होती, ती एका रात्रीत धोक्याची झाली. त्याच वर्षी १ जूनपासून पोर्टल बिलाच्या क्रमांकातील इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे एकच मानू लागले. एखादी पेढी दोन विभागांची बिले केवळ लहान-मोठ्या अक्षराच्या फरकाने वेगळी ठेवत असेल, तर त्या दिवसापासून तिचे दुसरे बिल 'आधीच नोंदलेले' ठरू लागले. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. त्या दिवशी माल-खात्यांतील दर तारखेनुसार ठेवणारी सॉफ्टवेअरे निभावली, आणि ज्यांत एका मालाला एकच दर ठेवण्याची जागा होती त्यांची तारांबळ उडाली असणार.

सरकार निदान आधी सूचना काढते. खासगी कंपनीवर उभारलेल्या जोडणीचा भरवसा त्याहून कमी. २०१८ मध्ये गूगलने आपल्या नकाशांच्या सेवेची दररचना बदलली आणि मोफत नकाशावर धंदा उभारलेल्यांना नवा हिशेब मांडावा लागला. ट्विटरने जानेवारी २०२३ मध्ये 'ट्वीटबॉट', 'ट्विटरिफिक' यांसारख्या बाहेरच्या ॲपचा प्रवेशच बंद केला. ही ॲप वर्षानुवर्षे चालत होती, त्यांचे पैसे देणारे ग्राहक होते. एकाच आडत्यावर सारा माल सोपवणाऱ्या व्यापाऱ्याला हा धोका समजावून सांगण्याची गरज नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या जोडणीच्या खर्चात ती बांधण्याच्या पैशांबरोबर पुढील वर्षांची राखण धरावी लागते, आणि समोरच्याने दार लावले तर दुसरा रस्ता कोणता, हेही लिहून ठेवावे लागते. ई-इन्व्हॉइसच्या बाबतीत असा दुसरा रस्ता पुढे मिळाला. सुरुवातीला एनआयसीचे एकच पोर्टल होते, नंतर इतर संस्थांनाही नोंदणी पोर्टल चालवण्याची मान्यता दिली गेली.

विक्री विभागाची यादी कधी संपत नाही. कुरिअर जोडा, बँक जोडा, व्हॉट्सॲप जोडा, अमक्या बड्या ग्राहकाच्या ट्रान्सपोर्टवाल्याचे सॉफ्टवेअर जोडा. यातील बऱ्याच मागण्यांना नकार देणे हेच नियोजन असते. एका ग्राहकासाठी केलेली जोडणी त्याने सॉफ्टवेअर बदलले तरी सांभाळत बसावी लागते. पुष्कळदा तपशील फाइलमध्ये बाहेर काढण्याची आणि आत घेण्याची साधी सोय दिली तरी काम भागते. तिला डौल नाही, प्रदर्शनात ती दाखवता येत नाही, पण ती तुटतही नाही.

बँक जोडण्याच्या मागणीत आणखी एक गोष्ट येते. खात्याचा उतारा आपोआप हिशेबात उतरावा, बँक जुळवणी पत्रक घडीच्या घडीला तयार व्हावे, ही इच्छा योग्यच आहे. त्यासाठी काही ठिकाणी व्यापाऱ्याकडून नेट बँकिंगचा पासवर्डच मागून घेतला जातो. तो मागणे आणि देणे, दोन्ही गैर. संमती घेऊन, ठरावीक मुदतीपुरता आणि ठरावीक कामापुरता खात्याचा तपशील देण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली अकाउंट ॲग्रिगेटरची व्यवस्था आहे. तिचे नियम २०१६ चे, आणि ती प्रत्यक्ष सुरू झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. तिच्यात दिलेली संमती काढूनही घेता येते. ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवरही सॉफ्टवेअरसाठी निराळे वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड तयार करावे लागतात. पेढीने उद्या सॉफ्टवेअर बदलले, तर जुन्या सॉफ्टवेअरच्या हातातील हे प्रवेशपत्र बंद कोणी करायचे आणि तोवरची बिले नव्या सॉफ्टवेअरला कोणत्या स्वरूपात मिळणार, याचे उत्तर जोडणीच्या पहिल्या आराखड्यातच लिहिलेले असावे लागते. व्यापाऱ्याने ते खरेदीच्या वेळी विचारले, तर विक्रेता ते तेथल्या तेथे दाखवू शकला पाहिजे.